आडव्या बाटलीचा हिशेब

रिठदहून नाशिकला वायनरी पाहण्यासाठी जायचे ठरले, तेव्हा पारावर जी कुजबुज व्हायची ती झालीच. वायनरी म्हणजे काय असते, हे कोणी विचारले नाही. ज्याने त्याने तो अर्थ आपापल्या परीने लावून घेतला. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील हे आमचे गाव सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर जगणारे. द्राक्ष हे आमच्या लेखी उन्हाळ्याच्या तोंडाशी हातगाडीवरून अर्धा किलो विकत घ्यायचे फळ. अशा गावातील सात-आठ शेतकरी गाडी करून जवळजवळ चारशे किलोमीटर दूर, द्राक्षाची दारू कशी होते हे पाहावयास निघतात, यात इतरांना गंमत वाटली तर नवल नव्हते. आमच्यात एक माळकरी काका होते. पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांना कोणी तरी छेडलेच. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पाह्याले काय जाते, भाऊ? पेयाचं थोडंच हाये!"

या सहलीमागे एक कारण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटर क्षेत्राच्या मोठ्या किराणा दुकानांतून व सुपरमार्केटांतून वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचे समर्थन एकाच शब्दाने करण्यात आले होते. तो शब्द म्हणजे 'शेतकरी'. फळांवर प्रक्रिया होईल, वायनऱ्या वाढतील आणि शेतकऱ्याच्या मालाला भाव येईल, असे सांगितले गेले. विरोधकांनी संस्कृतीचा आणि संसाराचा प्रश्न उभा केला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, वादळ उठले आणि तो निर्णय काही अमलात आला नाही. या सर्व गदारोळात ज्याच्या नावाने हे चालले होते त्या शेतकऱ्याला बाटलीतील किती रुपये मिळतात, हा साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तो आम्हाला जागेवर जाऊन विचारायचा होता. तो विचारण्याचा अधिकार द्राक्षे न पिकवणाऱ्यांनाही आहे. कारण 'प्रक्रिया उद्योग आला की शेतकरी तरला' हे वाक्य आम्हीही सोयाबीनच्या बाबतीत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

मळ्यातील शिस्त

मालेगाव जहांगीरजवळ समृद्धी महामार्गाला लागले की आता शिर्डीपर्यंतचा रस्ता अंगावर येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून वऱ्हाड आणि नाशिक यांच्यातील अंतर निदान घड्याळापुरते तरी कमी झाले. पहाटे निघालेले आम्ही दुपारी सिन्नर ओलांडून नाशकात पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर धरणाच्या परिसरातील एका वायनरीच्या मळ्यात उभे होतो. फेब्रुवारीचा महिना होता, म्हणजे ऐन काढणीचा हंगाम.

आमच्या डोळ्यांना पहिला धक्का बसला तो घडांचा. बाजारात दिसणारी लांबट, टपोरी, बिनबियांची द्राक्षे तेथे नव्हती. वाईनचे द्राक्ष लहान, गोल, जाड सालीचे, आत बिया असलेले. मण्यांची दाटी एवढी की घडात बोट शिरू नये. काकांनी एक मणी तोंडात टाकला आणि चकित होऊन पाहू लागले. कारण तो साखरेसारखा गोड होता. खाण्याची द्राक्षे साधारणतः सोळा ते अठरा ब्रिक्सला काढतात, म्हणजे रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे, प्रमाण शंभरात तेवढे असते. वाईनची द्राक्षे बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. पुढे या साखरेचेच मद्यार्क होते. तेवीस ब्रिक्सच्या रसापासून साधारण तेरा टक्क्यांची वाईन उतरते, असा त्यांचा ढोबळ हिशेब.

दुसरा धक्का वेलीच्या वेळापत्रकाचा. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. आपल्या हवेत ती झोपतच नाही, म्हणून माणसाने तिला कात्रीने वळण लावले आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि थंडीचे दिवस व गार रात्री यांच्या आधाराने जानेवारी ते मार्च या काळात काढणी. शाब्लीचा किंवा बोर्दोचा शेतकरी ज्या वेळी बर्फात काठ्या पेटवीत बसलेला असतो, त्या वेळी नाशिकचा शेतकरी घड तोडतो. या सोयीची किंमतही आहे. भुरी आणि केवडा या रोगांवर सतत लक्ष ठेवावे लागते. आणि फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस किंवा गारपीट वर्षाची कमाई एका संध्याकाळी धुऊन नेते. गारपिटीचे हे दुःख सांगताना मळ्यातील शेतकऱ्याला आम्हाला काही समजावून सांगावे लागले नाही.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या समजुतीच्या अगदी उलट होती. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यासाठी बागायतदार जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवतात. येथे ते वर्ज्य. शिवाय वेलीवर फार घड ठेवायचे नाहीत, एकरी उत्पन्न मुद्दाम आवरते घ्यायचे. घड कमी असले की रसाला दाटी येते, असे वायनरीचे म्हणणे. म्हणून करारातच कमाल उत्पन्नाची अट असते. 'एकरी किती काढले' या एका आकड्यावर पत ठरवणाऱ्या आम्हा सोयाबीनवाल्यांना हे चमत्कारिक वाटले. तथापि त्यात एक शहाणपण आहे. जेथे मालाच्या गुणाला भाव मिळतो तेथेच शेतकरी कमी पिकवण्याचे धैर्य दाखवू शकतो. जेथे मालाचे केवळ वजन पाहिले जाते, तेथे तो पोते भरण्यामागे धावतो.

आणि एक लहानशी वस्तू. मळ्यातील त्या शेतकऱ्याच्या खिशात बोटभर लांबीचे रिफ्रॅक्टोमीटर होते. मणी पिळून एक थेंब काचेवर टाकायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे पाहायचे, की ब्रिक्स दिसतो. काढणीच्या आठवड्यात तो रोज सकाळी निरनिराळ्या ओळींतील मणी पिळून पाहतो आणि वहीत आकडा लिहितो. वायनरीचा माणूस तपासायला येतो तेव्हा त्याला काय दिसणार आहे, हे या शेतकऱ्याला आधीच ठाऊक असते. ही गोष्ट आम्ही त्या वेळी नुसती पाहिली. तिचे महत्त्व ध्यानात यायला परतीचा प्रवास लागला.

पेव, आसव आणि पिंप

काढणी पहाटे अंधारात होते, कारण फळ गार असतानाच कारखान्यात पोहोचले पाहिजे. तेथे हाताने निवड, मग देठ वेगळे करणारे यंत्र. येथून पुढे वाटा फुटतात. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे लगेच दाबून रस साल-बियांपासून वेगळा करतात आणि तो थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांत आंबवतात. लाल वाईनसाठी काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात, कारण रंग रसात नसून सालीत असतो. गुलाबी वाईनला सालीचा सहवास काही तासांपुरताच. एरवी ज्यांची नावे उच्चारताना जीभ अडखळते त्या जातींचा, म्हणजे शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों यांचा, उलगडा या एका फरकापासून सुरू होतो. पहिल्या दोन पांढऱ्या वाईनच्या, पुढच्या दोन लाल वाईनच्या.

आंबवण्याचे काम किण्वाचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचे. ते साखर खातात. मद्यार्क आणि कर्बवायू मागे ठेवतात. टाक्यांच्या खोलीत आम्हाला एकेकट्याने शिरू दिले नाही. कर्बवायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि माणूस कळायच्या आत कोसळतो, असे मार्गदर्शकाने सांगितले. काका म्हणाले, हे आम्हाला ठाऊक आहे. जुन्या काळी ज्वारीचे पेव उघडले की माणूस उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही. मार्गदर्शक तरुणाने ही माहिती लगेच टिपून घेतली. आंबवण्याविषयी बोलणे निघाले तेव्हाही काकांनी द्राक्षासवाची आठवण काढली. वैद्य आसव-अरिष्ट करताना धायटीची फुले घालतात, ती याच कामासाठी. औषधाच्या बाटलीतील मद्यार्क त्यातच जन्माला येते. म्हणजे विद्या परकी नव्हे. परके आहे ते तापमानाच्या एकेका अंशावर ठेवलेले नियंत्रण आणि प्रत्येक टाकीची रोज लिहिली जाणारी नोंद.

तळघरात ओकच्या लाकडाची पिंपे ओळीने मांडलेली होती. एकेका पिंपात सव्वादोनशे लिटर. लाल वाईन त्यांत महिनोन्महिने पडून राहते. लाकडातून अगदी सूक्ष्म प्रमाणात हवा लागते, तुरटपणा निवळतो. ही पिंपे बहुधा परदेशातून येतात आणि काही हंगामांनंतर त्यांचा गुण संपतो. बाटलीत भरल्यावरही काही वाईन वर्ष-दोन वर्षे थांबवून ठेवतात. बूच ज्या झाडाच्या सालीचे असते तो ओक मुख्यतः पोर्तुगाल-स्पेनकडचा. ते बूच सुकून आक्रसू नये, त्याला आतून ओल राहावी, म्हणून अशा बाटल्या आडव्या ठेवतात. हे ऐकताच आमच्यातील एकजण मोठ्याने हसला. आपल्या राज्यात गावातील दारूचे दुकान बंद करायचे असेल तर स्त्रिया मतदान करतात आणि मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. नाशिकच्या तळघरात बाटली आडवी ठेवतात ती चांगली टिकावी म्हणून. आमच्याकडे बाया ती आडवी करतात ती संसार टिकावा म्हणून. मार्गदर्शकालाही हसू आवरले नाही.

शेवटी चाखण्याची खोली. पेला दांड्याला धरायचा, उजेडात रंग पाहायचा, हलके फिरवून वास घ्यायचा, मग घोटभर तोंडात घोळवायचा. आमच्यातील तिघांनी चाखली, बाकीच्यांनी नुसता वास घेतला. काका खिडकीशी उभे राहून मळा पाहत होते. पांढऱ्या वाईनमध्ये कच्च्या पेरूची आणि लिंबाच्या सालीची आठवण, लाल वाईनमध्ये जांभळाची. आणि गिळल्यावर जिभेवर राहणारा तुरटपणा थेट डाळिंबाच्या सालीचा. तो साल-बियांतून येतो. मार्गदर्शक युरोपातील निरनिराळ्या फळांची नावे घेत होता. आमच्यापैकी एकाने जांभूळ म्हटले, तेव्हा तो म्हणाला की खरे तर तेच नाव अधिक जवळचे आहे.

करार आणि कात्री

खिडकीशी उभ्या असलेल्या काकांनी तेथूनच प्रश्न विचारला, "पण दादा, या बाटलीत वावरवाल्याचे पैसे किती?"

उत्तर प्रामाणिकपणे मिळाले. पाऊण लिटरच्या बाटलीस किलोभराहून थोडी अधिक द्राक्षे लागतात. द्राक्षाचा किलोचा दर जातीप्रमाणे बदलतो, पण तो दहाच्या पटीत मोजायचा. चांगल्या बाटलीची किंमत शेकड्यांत. मधला सगळा फरक नफा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. थंड टाक्या, वीज, पिंपे, बाटली, बूच, कर, दुकानदाराचा वाटा आणि विशेषतः वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या भांडवलाचे व्याज, हे सारे त्यात येते. वाईनचा धंदा हा घाईच्या माणसाचा नव्हे. तेव्हा शेतकऱ्याचा हिस्सा लहान आहे, एवढीच तक्रार पुरेशी नाही. त्या लहान हिश्श्याच्या बदल्यात तो धोका किती पत्करतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गेल्या पाव शतकाच्या इतिहासात लिहिलेले आहे.

महाराष्ट्रात आधुनिक वाईनचा आरंभ १९८०च्या दशकात नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी केला. फ्रेंच तंत्राने तयार झालेली त्यांची फसफसती वाईन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही गेली. पुढे कॅलिफोर्नियातील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला कुटुंबाच्या जमिनीवर द्राक्षे लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईनला उत्पादनशुल्कात सूट दिली. निफाड तालुक्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभारले. सरकारी उत्तेजनाचा परिणाम दिसला. हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या वायनऱ्या काही वर्षांतच काही डझन झाल्या. भराभर करार झाले, शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे काढून वाईनच्या जाती लावल्या.

मग २००८ साल आले. जगभर मंदी, त्यातच नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ला. पर्यटक आटले, हॉटेलांतील खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या. नारायणगावची ती आद्य कंपनीही पुढे आर्थिक अडचणींत सापडून बंद पडली. अनेक वायनऱ्यांनी पुढच्या हंगामाची द्राक्षे घेण्यास असमर्थता दर्शवली. येथे त्या लहानशा, बियांच्या द्राक्षाचे वेगळेपण शेतकऱ्याच्या मुळावर आले. थॉमसन सीडलेस पिकवणाऱ्याला तीन दारे असतात. माल निर्यात करा, मुंबईला पाठवा, नाही तर तासगावकडे करतात तसा त्याचा बेदाणा करा. वाईनच्या द्राक्षाला दारच एक. हातगाडीवर त्याला कोणी हात लावणार नाही. वेल फळाला यायला तीन वर्षे लागतात, त्यामुळे भाव पडला म्हणून पुढच्या हंगामात दुसरे पीक घेऊ, ही सोयाबीनवाल्याची मुभाही त्याला नाही. नाशिक भागातील कित्येक शेतकऱ्यांनी तेव्हा वाईनच्या बागा मुळापासून उपटल्या. तीन वर्षे वाढवलेली वेल तोडताना काय वाटते, हे विचारण्याची आमची हिंमत झाली नाही.

अर्थात तो धंदा संपला नाही. जे टिकले ते सावधपणे वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात उतरली; द्राक्षमळे पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे नाशिकला नवी ओळख मिळाली. ज्यांचे करार दीर्घ मुदतीचे आणि स्पष्ट होते, त्या शेतकऱ्यांची गत खाण्याच्या द्राक्षवाल्यांपेक्षा काही वेळा बरी राहिली. कारण त्यांचा दर बाजाराच्या लाटेवर हेलकावत नव्हता. आम्हाला भेटलेला मळेवाला त्यांपैकीच. त्याने आपला करार दाखवला नाही, परंतु तो किती वर्षांचा आहे आणि माल नाकारण्याची कारणे त्यात कशी एकेक करून लिहिली आहेत, हे अभिमानाने सांगितले. म्हणजे एकाच पिकात, एकाच जिल्ह्यात, एक शेतकरी उभा राहिला आणि दुसरा उपटला गेला. दोघांच्या जमिनीत फरक नव्हता, कागदात होता.

कोणाच्या नावाने?

आता २०२२च्या निर्णयाकडे पुन्हा पाहावे. वाईनचा खप वाढला तर वायनरीला फायदा होईल, हे उघड आहे. तो फायदा मळ्यापर्यंत पाझरेल की नाही, हे किमान दर, कराराची मुदत, पैसे चुकते करण्याची तारीख आणि माल नाकारल्यास भरपाई या चार गोष्टींवर अवलंबून आहे. चर्चा मात्र झाली ती दुकानातील कपाट केवढे असावे आणि देवळापासून किती लांब असावे याची. शेतकऱ्याचे नाव घेऊन जो निर्णय मांडला गेला, त्याच्या समर्थनातही कराराचा उल्लेख नव्हता आणि विरोधातही नव्हता. शिवाय राज्यातील एकूण द्राक्षांपैकी वाईनकडे जाणारा हिस्सा अत्यल्प आहे. बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच जातात. द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न वाईनच्या कपाटाने सुटेल, असे म्हणणे म्हणजे गावची तहान पाणपोईच्या एका रांजणावर भागवण्यासारखे आहे.

'वाईन म्हणजे दारू नव्हे' असेही त्या वेळी सांगण्यात आले. हे विधान टिकणारे नाही. तेरा टक्के मद्यार्क हे मद्यार्कच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. ज्या विदर्भात वर्ध्याला आजही दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे आणि चंद्रपुरात २०१५ मध्ये आणलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली, तेथे हा विषय केवळ उद्योगाचा होऊ शकत नाही. ज्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाची जातरीत मोडून गोड जेवण घातले, त्यांच्या मुलखात दारूविषयीचा राग हा सोवळेपणातून आलेला नाही. तो रिकाम्या डब्यांतून आणि बायकांच्या अंगावरील वळांतून आला आहे. दारूचे अर्थकारण शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून मांडले जाते, तेव्हा त्याच शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीने आडव्या बाटलीवर मारलेला शिक्का विसरला जातो.

तरीही वायनरीकडे पाठ फिरवून आपण काही शिकणारच नाही, ही भूमिका मला पटत नाही. माळकरी काकांनी तेथे पाण्याखेरीज काही घेतले नाही, परंतु डोळे मात्र मिटले नाहीत. नाशिकच्या त्या उद्योगाने एक गोष्ट सिद्ध केली आहे. शेतमाल, त्याची मोजणी, त्याची नोंद आणि त्याचे नाव यांची एक साखळी बांधली, तर नाशवंत फळाची किंमत कित्येक पटींनी वाढते. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो याच साखळीचा भाग. ही साखळी मद्यासाठीच बांधता येते, असा काही निसर्गनियम नाही.

मीटर कोणाच्या हाती?

परतीच्या प्रवासात सिंदखेडराजाच्या आसपास चहाला थांबलो, तेव्हा बोलणे आपोआप सोयाबीनवर आले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत माल त्याच्या बराच खाली विकला गेला. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. भाव जाहीर होणे आणि तो पदरात पडणे यांत जे अंतर असते, त्याचे एक नाव आहे ओलावा. सरकारी खरेदीस बारा टक्के ओलाव्याची मर्यादा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल केली. पोते मोंढ्यात उतरते, व्यापारी मूठभर दाणे आपल्या मीटरमध्ये टाकतो, आकडा सांगतो आणि त्यावरून कपात ठरते. आकडा खरा असेल, खोटाही असेल. आमच्याजवळ दुसरा आकडाच नसतो.

त्याच क्षणी मळेवाल्याच्या खिशातील ते बोटभर रिफ्रॅक्टोमीटर सर्वांना आठवले. द्राक्षवाला आपल्या मालाचा गुण स्वतः मोजून मग सौद्याला बसतो. आम्ही आमच्या मालाचा गुण समोरच्याच्या तोंडून ऐकतो. सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के तेल आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, हे पुस्तकात वाचलेले. परंतु आपल्या वावरातील दाण्यात ती किती, हे रिठदमध्ये आजवर कोणी मोजले असेल, असे मला वाटत नाही. जो मोजत नाही त्याचा माल वजनावर जातो.

यासाठी कारखाने आणि धोरणे येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांचीही गरज आहेच. करारशेतीबाबत केंद्राने २०२० मध्ये केलेला कायदा इतर दोन कायद्यांबरोबर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. आंदोलक शेतकऱ्यांचा त्या कायद्यांवरील अविश्वास समजण्यासारखा होता. परंतु त्यानंतर करारातील दुबळ्या पक्षाला संरक्षण कसे द्यावे, हा प्रश्न तसाच पडून राहिला. राज्य सरकारला शेतकऱ्याचे नाव घ्यायचे असेल तर कोणत्याही प्रक्रिया उद्योगास, मग तो वाईनचा असो की सोयाबीनचा, सवलत देताना एक अट घालावी: शेतकऱ्याशी लेखी, नोंदणीकृत, किमान दराचा आणि वेल असेल तर वेलीच्या आयुष्याशी सुसंगत मुदतीचा करार. वायनरीला उत्पादनशुल्काची सूट मिळत असताना अशी अट घालणे अवघड नव्हते. २००८ मध्ये ती असती, तर कित्येक बागा कदाचित वाचल्या असत्या. आणि दारूपासून मिळणाऱ्या महसुलाचे समर्थन करायचे असेल, तर ते महसूल म्हणूनच करावे. शेतकऱ्याला त्यात साक्षीदार म्हणून उभे करू नये.

बाकी आमच्यापुरते आम्ही एक लहान काम केले. गावी परतल्यावर पंधरवड्याने आठ घरांनी वर्गणी काढून धान्यातील ओलावा मोजण्याचे एक मीटर विकत आणले. त्याने भाव वाढणार नाही, हे आम्ही जाणतो. कपात मात्र आता डोळे मिटून मान्य करावी लागणार नाही; निदान आमचा आकडा सांगून विचारता येईल की तुमचा निराळा कसा. ते यंत्र कोणाच्या घरी ठेवायचे यावर थोडी चर्चा झाली आणि एकमताने काकांचे घर ठरले. तेथे खोटा आकडा लिहिला जाणार नाही, हा सर्वांचा विश्वास. देवघराशेजारच्या कोनाड्यात, ज्ञानेश्वरीच्या पोथीखाली ते ठेवलेले आहे. सोबत एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर काकांनी रकाने आखले आहेत: तारीख, नाव, वावर, ओलावा. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःहून वाढवला. त्यावर लिहिले आहे, 'व्यापाऱ्याने सांगितला तो.'